पुंजी की वर्षासन?

माझे वडील मध्य प्रदेश शासनाच्या शिक्षण खात्यात 34 वर्षे नोकरी करून 1984 साली निवृत्त झाले आणि त्यानंतर 30 वर्षे त्यांनी पेन्शन घेतली. त्यांच्या मागे आईला 7 वर्षे कुटुंब-निवृत्तिवेतन मिळाले. मी पीथमपूरच्या एका कारखान्यात हिशेब खात्यात होतो. 2016 साली, वयाची 58 वर्षे पूर्ण झाल्यावर, भविष्य निर्वाह निधीची एकरकमी पुंजी आणि कर्मचारी पेन्शन योजनेची दरमहा 2,400 रुपयांच्या आसपासची पेन्शन घेऊन मी इंदूरच्या घरी बसलो. ती पेन्शन आजही तेवढीच आहे. वडिलांची मात्र दर वर्षा-दोन वर्षांनी वाढत असे. 2000 साली छत्तीसगड वेगळे झाल्यापासून पुनर्रचना कायद्याच्या 49 व्या कलमामुळे आमच्याकडच्या पेन्शनरांची महागाई राहत, म्हणजे पेन्शनवरचा महागाई भत्ता, वाढवायची तर रायपूरची संमती लागते, आणि ती लांबली की वडील सकाळच्या चहाबरोबर दोन्ही सरकारांचा उद्धार करीत. पण उशिरा का होईना, वाढ येत असे.

आता या दोघांत पैशाच्या बाबतीत जाणता कोण, असे विचारले तर उत्तर मीच असायला हवे. वडिलांनी आयुष्यात गुंतवणुकीचा म्हणावा असा एकही निर्णय घेतला नाही. पोस्टातली प्रमाणपत्रे आणि दसऱ्याला सराफ्यातून आणलेले थोडेसे सोने, एवढीच त्यांची धाव. मी चाळीस वर्षे ताळेबंद जुळवले, व्याजाचे कोष्टक मला तोंडपाठ होते, तरीही निवृत्तीची पहिली चार वर्षे माझी झोप उडाली होती आणि वडिलांची कधीच उडाली नाही. मी ज्याचा विचार मांडू पाहतो आहे तो या विरोधाभासातून आला आहे. आपण किती वर्षे जगणार हे कोणालाच ठाऊक नसते, आणि या अज्ञानाची किंमत कोणी मोजायची हा म्हातारपणाच्या पैशाचा मूळ प्रश्न आहे. वडिलांच्या बाबतीत ती सरकारने मोजली, माझ्या बाबतीत ती माझ्यावर सोपवली गेली.

हा प्रश्न आज उकरून काढण्याचे कारण असे की, राष्ट्रीय पेन्शन प्रणालीचे, म्हणजे नोकरीभर पैसे बाजारात गुंतवून निवृत्तीसाठी रक्कम जमवण्याच्या योजनेचे, नियम 2025 च्या डिसेंबरात बदलले. बिगर-सरकारी सभासदाने निवृत्तीच्या वेळी जमलेल्या रकमेतील किमान 40 टक्के रकमेतून आजन्म पेन्शन विकत घेतलीच पाहिजे, अशी अट होती. ती 20 टक्क्यांवर आणली गेली. म्हणजे मोठी रक्कम जमलेल्या सभासदाला आता 80 टक्के पैसे थेट हाती घेता येतात. आमच्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळींत या बातमीचे स्वागत झाले. 'आपला पैसा आपल्या हाती' या वाक्याला विरोध करणे अवघड असते, हे मलाही कळते. तरीही हा बदल उलट्या दिशेचा आहे असे माझे मत आहे, आणि ते मांडताना सध्या विकत मिळणारी पेन्शन फारशी चांगली नाही हेही मला मान्य करायचे आहे.

विशेष म्हणजे सरकार आपल्या स्वतःच्या नोकरांच्या बाबतीत नेमके उलट वागते. 2004 पासून केंद्राने आणि 2005 पासून मध्य प्रदेशाने नव्या कर्मचाऱ्यांची जुनी पेन्शन बंद करून त्यांना याच राष्ट्रीय पेन्शन प्रणालीत घातले, म्हणजे बाजारावर सोडले. वीस वर्षे कर्मचाऱ्यांनी त्याविरुद्ध आरडाओरडा केला, आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये केंद्राने एकीकृत पेन्शन योजना जाहीर केली, जी 1 एप्रिल 2025 पासून लागू झाली. त्यात 25 वर्षांच्या सेवेला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्या पेन्शनची हमी आहे आणि तिला महागाईची जोडही आहे. संघटित आणि मतपेटीवर वजन असलेल्या वर्गाला काय हवे असते, ते यातून दिसते. त्यांनी मोठी पुंजी मागितली नाही, दरमहा ठरलेली रक्कम मागितली. जुन्या पेन्शनीतही केंद्र सरकार कम्युटेशन म्हणून फार तर 40 टक्के पेन्शन एकरकमी घेऊ देते, सगळी नाही. ज्याने कोणी तो नियम घातला त्याला माणसाचा स्वभाव ठाऊक होता.

एकरकमी पैशाचे इंदुरात काय होते, हे सांगायला फार दूर जायला नको. ज्या दिवशी निवृत्त माणसाच्या खात्यात पंचवीस-तीस लाख रुपये जमा होतात, त्या दिवसापासून तो या शहरातल्या एका विशिष्ट व्यवसायाचे गिऱ्हाईक होतो. पहिला येतो तो प्लॉटवाला. सुपर कॉरिडॉर किंवा बायपासच्या पलीकडची कॉलनी, अजून मंजुरी यायची आहे, म्हणून भाव स्वस्त. पैसे द्यायचे आणि एका डायरीत हप्त्यांची नोंद करून घ्यायची. 'डायरीवरचा प्लॉट' हा शब्दप्रयोग बाहेरगावच्या वाचकाला समजणार नाही, पण इंदूरकराला तो समजावून सांगावा लागत नाही. रजिस्ट्री नाही, नकाशा मंजूर नाही, हातात केवळ एक डायरी, आणि तिच्या जोरावर लोक आयुष्याची कमाई देऊन टाकतात. काहींना प्लॉट मिळतात, भावही चढतात, आणि त्यांच्याच कहाण्या ओट्यावर सांगितल्या जातात. ज्यांना मिळत नाहीत ते गप्प राहतात, कारण फसण्यापेक्षा फसलो हे कबूल करणे आपल्या माणसाला अधिक जड जाते.

दुसरा येतो तो फोनवरून. शेअरबाजारातल्या 'टिप्स' विकणाऱ्या सल्लागार संस्थांचे इंदूर हे देशातले एक मोठे ठाणे झाले, ही काही अभिमानाची गोष्ट नाही. शेअरबाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने इंदुरातल्या अशा कित्येक संस्थांविरुद्ध आदेश काढले, कित्येकांना ग्राहकांचे शुल्क परत करायला सांगितले. हमखास नफ्याचे आश्वासन द्यायचे, पहिले शुल्क घेतले की वरच्या दर्जाच्या सेवेसाठी आणखी घ्यायचे, आणि तोटा झाला की तो भरून काढण्यासाठी तिसरे घ्यायचे, अशी यातली रीत असते. आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त प्राचार्यांनी अशा एका संस्थेला पाच महिन्यांत जे दिले त्यात त्यांचे दोन वर्षांचे किराणा-दूध निघाले असते. हा माणूस अडाणी नव्हता. आम्हा सर्वांत अधिक वाचलेला तोच होता.

तिसरा येतो तो घरातला. त्याला मी दोष देत नाही, पण त्याचे नाव घेतल्यावाचून हिशेब पुरा होत नाही. मुलाचा पुण्यातला फ्लॅट, मुलीच्या सासरची अडचण, भाच्याचा धंदा. पेन्शन मागता येत नाही, कारण ती पुढच्या महिन्यात यायची असते. बँकेत पडलेली रक्कम मात्र दिसते, आणि आईबापांना नाही म्हणणे जमत नाही. 2007 चा ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा सांभाळ न करणाऱ्या मुलांकडून दिलेली मालमत्ता परत घेण्याची सोय करतो, पण त्या कायद्याचा आधार घ्यायला उपविभागीय अधिकाऱ्याच्या दारात मुलाविरुद्ध अर्ज घेऊन जावे लागते. किती जण जातील?

फसवणूक आणि प्रेम ही दोन्ही बाजूला ठेवली तरी नुसते गणितही एकरकमेच्या विरुद्ध जाते. समजा 60 व्या वर्षी हाती 40 लाख आहेत, घर स्वतःचे आहे, दोघांचा खर्च महिना 30,000 आहे आणि तो महागाईने वर्षाला 6 टक्क्यांनी वाढतो. पैसे सुरक्षित ठेवून 7 टक्के मिळाले असे धरले, तर ही पुंजी बाराव्या वर्षी संपते. साठी गाठलेला माणूस आपल्या देशात सरासरीने आणखी सतरा-अठरा वर्षे जगतो, आणि सरासरी म्हटल्यावर बरेच जण त्याहून जास्त जगतात, बायका तर अधिकच. यावर शहाणा माणूस काय करतो? तो खर्च आवरतो. 95 पर्यंत जगलो तर, या भीतीने 65 व्या वर्षी दाताचे काम पुढे ढकलतो, इथल्या सानंद या मराठी संस्थेच्या नाटकांची वर्गणी बंद करतो, रिक्षाऐवजी पायी जातो, आणि पुष्कळदा 74 व्या वर्षी निम्मी रक्कम मागे ठेवून जातो. याला लोक काटकसर म्हणतात. मला तो अनाठायी भोगलेला वनवास वाटतो, कारण दहा हजार माणसांनी मिळून ही भीती वाटून घेतली असती तर एकट्यादुकट्याला ती इतकी महाग पडली नसती.

वाटून घेणे म्हणजे काय, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. आपल्या भाषेत त्यासाठी 'वर्षासन' हा जुना शब्द आहे. पेशवाईत आणि होळकरशाहीत शास्त्रीपंडितांना, देवस्थानांना दरसाल ठरलेली रक्कम मिळे, ती वर्षासन. आज विमा कंपन्या जी ॲन्युइटी विकतात ती विकत घेतलेले वर्षासनच होय. एकाच वयाची दहा हजार माणसे आपापली रक्कम एका ठिकाणी ठेवतात आणि प्रत्येकाला जिवंत असेपर्यंत दरमहा ठराविक पैसे मिळतात. जे लवकर जातात त्यांची उरलेली रक्कम जे मागे राहतात त्यांच्या पेन्शनीला जोडली जाते. एकट्याने 95 पर्यंतची तरतूद करावी लागते, समूहाला मात्र सरासरी आयुष्यापुरतीच करावी लागते, आणि हा जो फरक उरतो तोच या योजनेचा नफा.

आणि नेमका हाच नफा आपण नाकारतो. विमा कंपनीच्या अर्जात दोन मुख्य पर्याय असतात: मृत्यूनंतर खरेदी किंमत वारसाला परत, किंवा परत नाही. माझ्या माहितीतल्या जवळजवळ प्रत्येकाने पहिला निवडला. पहिल्यात कंपनी तुम्हाला मुद्दलाचे व्याज देते, त्यातून आपला खर्च कापून, आणि मुद्दल मुलांसाठी जपून ठेवते. तुमचे पैसे कुठल्याही समूहात गेलेले नसतात, त्यामुळे दीर्घायुष्याच्या विम्याचा लाभही होत नाही. मग ही मंडळी म्हणतात की ॲन्युइटीचा दर बँकेच्या ठेवीइतकाही नाही. बरोबर आहे, कारण त्यांनी घेतली ती ठेवच. दुसऱ्या पर्यायात तेवढ्याच पैशात पेन्शन बरीच जास्त बसते आणि वय जितके अधिक तितका हा फरक मोठा होत जातो. 'मग मेल्यावर पैसे कंपनीला फुकट?' हा प्रश्न मला दर वेळी ऐकावा लागतो. मोटारीचा विमा काढून वर्षभर अपघात झाला नाही म्हणून हप्ता फुकट गेला असे कोणी हळहळत नाही, पण आयुष्याच्या बाबतीत आपण हळहळतो.

तरीही विरोध करणाऱ्यांची एक तक्रार खरी आहे आणि तिला मी उत्तर देऊ शकत नाही. आज मिळणारे वर्षासन महागाईला बांधलेले नसते. आज ठरलेले 20,000 वीस वर्षांनंतरही 20,000 च राहतात, आणि 6 टक्के महागाईत त्यांची किंमत आजच्या सव्वासहा हजारांवर येते. दरवर्षी 3 किंवा 5 टक्क्यांनी वाढणारे प्रकार मिळतात, पण त्यात सुरुवातीची रक्कम इतकी खाली येते की माणूस बिचकतो. शिवाय करही एकरकमेच्याच बाजूने झुकलेला आहे. राष्ट्रीय पेन्शन प्रणालीतून उचललेल्या रकमेतील 60 टक्के करमुक्त असतात, आणि दरमहा येणारी पेन्शन मात्र उत्पन्नात धरली जाते. ज्या कायद्याने पेन्शनची सवय लावायची तोच तिच्यावर कर लावतो आणि पुंजीला सूट देतो.

म्हणून 40 चे 20 करताना सरकारने जे कारण मनात धरले असेल, की लोकांना ही पेन्शन नको आहे, ते वस्तुस्थितीला धरून आहे. पण पाव खराब निघाला तर बेकरी सुधारायची असते, लोकांना कणीक वाटून मोकळे व्हायचे नसते. विमा कंपनी महागाईला बांधलेली पेन्शन देऊ शकत नाही, याला कारण आहे. तिला स्वतःला जिथे पैसे गुंतवायचे ते सरकारी रोखेच महागाईला बांधलेले नाहीत. रिझर्व्ह बँकेने 2013 साली असा एक प्रयत्न केला होता. त्या वर्षीच्या डिसेंबरात सामान्य बचतदारांसाठी ग्राहक किंमत निर्देशांकाला जोडलेले दहा वर्षांचे रोखे निघाले, महागाईचा दर अधिक दीड टक्का या व्याजाने. प्रतिसाद थंड होता आणि योजना गुंडाळली गेली. तो प्रतिसाद थंड का होता, हे त्या रोख्यांचे स्वरूप पाहिले की कळते. ते संचयी होते, व्याज दहा वर्षांनी मुद्दलाबरोबर मिळायचे. ज्याला दर महिन्याला दूधवाल्याचे पैसे द्यायचे आहेत त्याला दहा वर्षांनंतरचे व्याज काय कामाचे? दरमहा किंवा दर तिमाहीला व्याज देणारे, महागाईला जोडलेले, तीस वर्षे मुदतीचे रोखे सरकारने ज्येष्ठांसाठी आणि त्यांच्या पेन्शन चालवणाऱ्या कंपन्यांसाठी काढावेत, ही माझ्या मते या सगळ्या प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची मागणी आहे, आणि तिच्यासाठी मी अजून कुठे मोर्चा निघालेला पाहिला नाही.

खालच्या थरात परिस्थिती याहून बिकट आहे. कर्मचारी पेन्शन योजना 1995 साली सुरू झाली. तिचे सूत्र सोपे आहे: पेन्शनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षे, भागिले 70. वेतनाची मर्यादा 2014 साली 15,000 केली गेली आणि त्यानंतर दहा वर्षे उलटली तरी ती हलली नव्हती. म्हणजे 35 वर्षे इमानाने नोकरी करणाऱ्याला या सूत्राने साडेसात हजार मिळणार, तेही न वाढणारे. किमान पेन्शन 2014 पासून 1,000. अटल पेन्शन योजनेत अठरा वर्षांच्या मुलाने महिना 210 रुपये भरले तर साठीनंतर 5,000 ची हमी आहे. ऐकायला बरे वाटते, पण बेचाळीस वर्षांच्या 6 टक्के महागाईनंतर त्या 5,000 ना आजचे साडेचारशेही मोल राहणार नाही. हमी खरी आहे, पण ती आकड्याची आहे, भाकरीची नाही.

पैसा कोणाच्या ताब्यात असावा, हाही प्रश्न यालाच लागून येतो, आणि तो इंदूरइतका कडू अनुभवाने क्वचित कोणी शिकले असेल. इथली हुकूमचंद मिल ही कापडगिरणी 1991 च्या डिसेंबरात बंद पडली. कामगारांची ग्रॅच्युइटी आणि इतर देणी मिलच्या अंगावर होती, बाहेर कुठे वेगळी ठेवलेली नव्हती, त्यामुळे मिल बुडाली तशी तीही बुडाली. बँका, जमीन, महापालिका, शासन आणि न्यायालय यांच्या फेऱ्यांत बत्तीस वर्षे गेली आणि 2023 च्या डिसेंबरात सुमारे 4,800 कामगारांसाठी सुमारे 224 कोटी रुपये मिळाले. सरासरी काढली तर माणशी साडेचार लाखांच्या आसपास. तोवर कित्येक जण वारले होते आणि रकमा विधवांच्या व मुलांच्या हाती गेल्या. पेन्शनचा पैसा मालकाच्या वहीत राहू नये, कायद्याने वेगळ्या ठिकाणी जमा व्हावा, हे यावरून कोणीही मान्य करील. माझा आग्रह एवढाच की तो निवृत्त माणसाच्या एकट्याच्या वहीतही एका दिवसात ओतला जाऊ नये.

तरुण मंडळी म्हणतील की हा सगळा जुन्या पिढीचा रडगाणा आहे, आम्ही पंचविसाव्या वर्षापासून एसआयपी करतो, म्हणजे दरमहा म्युच्युअल फंडात ठरावीक रक्कम गुंतवतो. जरूर करावी. साठवण्याच्या तीस-पस्तीस वर्षांत शेअरबाजाराइतके दुसरे साधन नाही, आणि माझ्या पिढीने ते भीतीपोटी टाळले ही आमची चूकच होती. पीपीएफवर, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीवर, 2000 च्या जानेवारीपर्यंत 12 टक्के मिळत असल्यामुळे आम्हाला ती चूक जाणवलीही नाही. पण एसआयपी पैसा कसा जमवावा ते सांगते, तो कसा संपवावा ते सांगत नाही, आणि म्हातारपण हे संपवण्याचे शास्त्र आहे. बाजार निम्म्यावर आलेला असताना ज्याला दरमहा युनिट विकून घर चालवायचे आहे, त्याची अवस्था तिशीतल्या गुंतवणूकदाराला कल्पनेने कळत नाही.

गेल्या वर्षी मी माझ्या रकमेतील एक तृतीयांश रकमेचे वर्षासन घेतले. दोघांच्या हयातीपर्यंतचे, माझ्यामागे पत्नीला पूर्ण रक्कम, आणि खरेदी किंमत परत नाही, असा पर्याय निवडला. एजंट आमच्याच रामबागेतला, लहानपणापासून पाहिलेला मुलगा. त्याने तो रकाना भरण्यापूर्वी मला दोनदा विचारले, 'काका, दादासाठी काहीच नाही ठेवायचे?' दादाला, म्हणजे माझ्या मुलाला, मी आधीच फोनवर सांगितले होते. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, 'निदान पैशासाठी तुम्ही माझ्याकडे बघणार नाही, हे चांगले.' बाकीच्या रकमेतले 20 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 8.2 टक्क्यांनी ठेवले आहेत. पाच वर्षांनी मुदत संपेल तेव्हा दर काय असेल हे माझ्या हाती नाही. वर्षासनाचा आकडा मी मरेपर्यंत एकच राहणार, म्हणून सगळी रक्कम त्यात घालण्याचा धीर मला झाला नाही. महागाईला बांधलेले मिळाले असते तर घातली असती.